स्पीकरची पहिली जोडी बांधताना

आपण किटमधून स्पीकरची पहिली जोडी बांधायला घेतली, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला पेटीकडेच सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे उत्तम सागवान मिळते आणि गावचा सुतारही तेच सुचवील, परंतु सलग लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे सांधे उकलून पेटीतून हवा गळू लागते. म्हणून नकाशात दिलेल्या जाडीचा, बहुधा १८ मिलिमीटरचा, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा चांगला प्लायवूडच घ्यावा आणि एमडीएफच्या कडा रंगापूर्वी सीलरने बंद कराव्यात, कारण ओल तिथूनच शिरते. कापताना मास्क लावावा, ती धूळ फार बारीक असते. पेटीचे आतील घनफळ मात्र मनाने बदलू नये. वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग, त्याच घनफळासाठी निवडलेला असतो.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडणे. माझ्या पहिल्या जोडीत हेच झाले आणि बास जवळजवळ नाहीसा झाला. पेटीत बसवण्यापूर्वी १.५ व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावावा. धन टोकाला धन टोक असेल, तर वूफरचा शंकूसारखा पडदा (कोन) बाहेर येतो. ट्वीटरवर, म्हणजे उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागावर, हा प्रयोग करू नये.
- क्रॉसओव्हरशिवाय (उंच व खालचे स्वर वेगळे करून ट्वीटर व वूफरकडे पाठवणारे सर्किट) ट्वीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडणे. तो जळू शकतो.
- फेविकॉल पुरता सुकण्याआधी क्लॅम्प काढणे.

क्रॉसओव्हरमधील फेरफाराचा विचार सध्या नको. आधी एकच पेटी पूर्ण करावी, कमी आवाजात वाजवून पाहावी आणि मगच दुसरीला हात घालावा.