निकॉन-कॅननने मिडियम फॉरमॅटमध्ये उतरावं का?

प्रश्न : मी लग्नाची आणि साड्यांच्या कॅटलॉगची कामं करतो. निकॉन वापरतो. नवी बॉडी घ्यायची आहे, पण उद्या निकॉन किंवा कॅननने मिडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, आणला तर आत्ताचे पैसे पाण्यात जातील अशी धास्ती वाटते. या कंपन्यांनी त्यात उतरावं का? मी थांबू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : थांबू नका. आणि त्यांनी उतरू नये, असंच माझं मत आहे.

मिडियम फॉरमॅटवर माझा जीव आहे. पंचवटीतल्या माझ्या स्टुडिओत रामकुंडाचा एक कृष्णधवल फोटो टांगलाय, यशिका मॅट या मिडियम फॉरमॅटच्या फिल्म कॅमेऱ्यावर काढलेला, तीस इंची चौकोनी. पहाटे लुगडं पिळणारी बाई आहे. तिच्या बांगड्यांच्या फटीतून ओघळणारं पाणी अजून वेगळं दिसतं. ३५ मिमीच्या रोलवर ते मिळालं नसतं. त्यातल्या १२० च्या रोलवरची ६×६ ची चौकट प्रत्यक्षात ५६×५६ मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या चौकटीपेक्षा साडेतीन पटींहून मोठी.

आजच्या फुजीच्या जीएफएक्स या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांमधला सेन्सर सुमारे ४४×३३ मिमी आहे. फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमीच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, १.७ पटीच्या आतबाहेर. नाव तेच, पण ती झेप नाही. लग्नात मागचं सगळं विरघळवून नवरीचा चेहराच ठेवायचा असतो ना? त्यासाठी लेन्सचा एफ आकडा जितका लहान तितकं बरं. फुजीची ११० मिमी एफ/२ लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबात साधारण ८७ मिमी एफ/१.६ पडते. निकॉनकडे ८५ मिमी एफ/१.२ आहे, कॅननकडेही आहे. तिथे तुमची निकॉनच वरचढ.

फुजीला हे परवडलं, कारण त्यांनी फुल फ्रेम डिजिटल काढलाच नव्हता. एपीएस-सीवरून, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवरून, थेट २०१७ मध्ये इकडे आले. फिल्मच्या काळापासून मिडियम फॉरमॅटचे कॅमेरे आणि लेन्स बनवण्याचा हातही होता. निकॉनच्या झेड माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याचं, तोंड ५५ मिमीचं, आणि ४४×३३ चा कर्णच जवळपास ५५. म्हणजे नवा माउंट काढा, त्याच्या डझनभर लेन्स काढा. तेवढे इंजिनिअर तिकडे गुंतले की तुमच्या झेड लेन्स रखडणार. मला ते नको आहे.

साड्यांचं मात्र वेगळं. येवल्याच्या पैठणीचा पदर मी जीएफएक्स १०० वर काढलाय. मुनियाच्या, म्हणजे विणलेल्या पोपटाच्या, चोचीतली जरीची तार न तार सुटी दिसत होती, आणि जांभळ्या-लाल धूपछाँवचा रंग घडीवर कसा पालटतो तेही हळुवार उतरलं होतं. अशा कामापुरती बॉडी मुंबईहून दोन दिवस भाड्याने आणा, भाडं गिऱ्हाइकाच्या बिलात दाखवा.

आणाल तेव्हा एकच पदर, खिडकीच्या उजेडात, दोन्ही कॅमेऱ्यांवर काढा. वीस इंची प्रिंट करून स्टुडिओत घेऊन या. रामकुंडाच्या फोटोशेजारी लावून दोघं मिळून बघू.