घशाचं रेडिएशन आणि बाबांचं जेवण

प्रश्न: बाबांना घशाचा कॅन्सर आहे, रेडिएशनची ३५ सिटिंग सांगितलेत. तोंड सोलवटतं, गिळता येत नाही असं लोक म्हणतात, काय करू?

उत्तर: ताई, रेडिएशन सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्याच, कारण किडका दात नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो. आयएमआरटी (किरणं गाठीवर नेमकी रोखून द्यायची रेडिएशनची पद्धत) होणार का विचारा, त्यात लाळग्रंथी बऱ्याच वाचवता येतात, तोंड कमी कोरडं पडतं. दिवसातून चार-सहा वेळा कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा नि चिमूटभर मीठ टाकून गुळण्या, तिखट बंद, तंबाखू तर पूर्णच बंद. आणि दुखलं तरी गिळण्याचे व्यायाम सोडू देऊ नका हो, वजन उतरायला लागलं तर पोटात अन्न देण्याच्या नळीला घाबरू नका, ती बहुतेकदा तात्पुरतीच असते.