औषधांसाठी 23,500 रुपये जादा हप्ता भरावा का?

सांगलीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. आई 67 वर्षांची, मधुमेह आणि रक्तदाब जुनाच, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. औषधांना महिन्याला 5,200 रुपये लागतात. सात वर्षं चालू असलेल्या पाच लाखांच्या पॉलिसीचा हप्ता 38,000, पण रोजच्या गोळ्यांचा एक रुपया मिळत नाही. एजंट म्हणतो, ही सोडा आणि ओपीडीवाली, म्हणजे भरती न होता होणारा औषधं-तपासण्यांचा खर्चही देणारी घ्या, हप्ता 61,500. त्यातच अँजिओप्लास्टीनंतरच्या औषधांच्या 11,300 रुपयांच्या क्लेममधून कंपनीने 4,100 कापले. वैतागून त्या विचारतात, बदलू का?

ताई, बदलू नका. वैताग मात्र रास्त आहे. हप्ते वेळेवर भरायचे आणि दर महिन्याला मेडिकलवाल्याकडे पाकीट उघडायचं, हे कुणालाही खटकेल. पण आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात भरती होण्याच्या खर्चासाठी बेतलेला आहे. भरतीच्या आधीचे साधारण 30 आणि घरी आल्यानंतरचे 60 दिवस, तेही त्याच आजारापुरते, एवढीच औषधं त्यात बसतात.

आता नव्या पॉलिसीचं माहितीपत्रक बघा. ओपीडीची मर्यादा 25,000 अशी ठळक छापली आहे. खालच्या तक्त्यात त्यातले औषधांचे फक्त 10,000, बाकी तपासण्या आणि डॉक्टरांची फी. शिवाय प्रत्येक बिलाचे 20 टक्के तुम्हीच भरायचे. म्हणजे औषधांपोटी हातात येणार फार तर 10,000 आणि त्यासाठी जादा हप्ता 23,500. तपासण्यांचा पै न् पै वसूल केला तरी जेमतेम बरोबरी. दर महिन्याला होणारच अशा खर्चाचा विमा म्हणजे आपलीच भिशी, फक्त चालवणारा आधी आपला वाटा काढून घेतो.

मला खरी धास्ती वेगळी आहे. तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जुन्या पॉलिसीचे फायदे घेऊन नव्या कंपनीकडे जाण्याचा, रकाना कोरा आहे. म्हणजे पॉलिसी कोरी करकरीत नवी, आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू, तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या बाईसाठी हा जुगार आहे. शिवाय सलग 60 महिने पूर्ण झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. हे संरक्षण तुम्ही सात वर्षं हप्ते भरून मिळवलंय. पोर्ट केलं तर ते सोबत येतं, पण हृदयाचा इतिहास पाहून नवी कंपनी सरळ नकारही देऊ शकते.

खर्च कमी करायची जागा आईच्या चिठ्ठीतच आहे. मधुमेहावरची एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी तुम्ही अजून मूळ ब्रँडचीच घेताय, महिन्याला 1,750 रुपयांची. तिचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांनी तीच गोळी दहा-पंधरा रुपयांच्या घरात आणली. पंधरा धरली तरी महिन्याला 450. वर्षाचे 15,600 वाचले, ओपीडीतून मिळणाऱ्या औषधांच्या पैशांपेक्षा जास्तच. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रातले भाव विचारा. बदल डॉक्टरांना विचारूनच करा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीला तर स्वतःहून हातही लावू नका.

कापलेल्या 4,100 बद्दल: कंपनी म्हणते मधुमेहाच्या गोळ्यांचा भरतीशी संबंध नाही. डिस्चार्ज कार्डावर त्या गोळ्या लिहिलेल्या असतील, तर हृदयरोगतज्ज्ञांकडून दोन ओळींचं पत्र घ्या आणि बिलं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. रक्कम छोटी आहे, निकाल तुमच्या बाजूनेच लागेल असंही नाही, पण मी असते तर सोडलं नसतं.

करबचतीचं विचारलंत. जुनी कररचना घेत असाल तरच आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची, 80डी म्हणून ओळखली जाणारी वजावट लागू. आईची पॉलिसी चालू असल्यामुळे तिच्या औषधांची वजावट मिळत नाही. पण वडील 72 वर्षांचे आणि विमा नसलेले, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. आई-वडील मिळून मर्यादा 50,000, आईच्या हप्त्याचे 38,000 गेले की उरलेल्या 12,000 मध्ये वडिलांची औषधं बसतात. बिल त्यांच्या नावाचं हवं आणि पैसे रोख नकोत, यूपीआय चालेल. त्यांचं सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्डही याच आठवड्यात काढून घ्या, भरतीसाठी पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि उत्पन्नाची अट नाही.