दुबईत चौदा तास आणि बॅगेत डिंकाचे लाडू

प्रश्न : नमस्कार ताई, मी ऐरोलीला राहते, वय ५८. मुलीचं बाळंतपण करायला मे महिन्याच्या शेवटी न्यूजर्सीला चाललेय, सोबत माझी आई आहे, ती ७९ वर्षांची, चालते पण हळू. जाताना दुबईत १४ तासांचा थांबा आहे, दुपारी साडेबाराला उतरायचं आणि रात्री अडीचला पुढचं विमान. जावई म्हणतात एअरपोर्टवरच बसा, मुलगी म्हणते एवढं दुबईत जाताय तर बुर्ज खलिफा, वाळवंटातली सफारी, पामचं कृत्रिम बेट, मॉल सगळं बघून घ्या. आम्हाला काय जमेल? लाडू, आळीव, ओवा वगैरे सगळं बॅगेत असणार आहे, दोन्ही बॅगा जड आहेत.

उत्तर : ताई, बाळंतपणाला निघालायत, आधी मुलीला माझ्याकडून आशीर्वाद. बाहेर पडा असंच मी सांगेन, पण त्याआधी लाडवांचं बोलू, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि मला मात्र ते वाचल्यावर पुढचं काही सुचेना. डिंकाच्या लाडवात खसखस घातलीय का? आपल्याकडे बहुतेक घरांत घालतात, माझी आईही भाजून घालायची. यूएईमध्ये खसखस आणायला बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि पिशवीतली खसखस सापडली म्हणून लोकांना अटकही झालीय. बॅग थेट अमेरिकेला टॅग झालेली असली तरी ती दुबईतूनच जाणार, तेव्हा हा धोका घेऊ नका. लाडू अजून वळले नसतील तर खसखस वगळून वळा, खोबरं आणि खारीक थोडी जास्त घाला, आणि वळले असतील तर ते घरच्यांसाठी ठेवून नवीन करा. गोडा मसाला नेत असाल तर त्यातही असते, करंजीच्या सारणात असते, अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. मुलीला तिकडच्या इंडियन ग्रोसरीत खसखस मिळते, वाटल्यास तिथं वेगळी भाजून वरून घाला. आईच्या औषधांतही एकदा बघा, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं दुखण्याचं वा खोकल्याचं औषध असेल तर डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या, बाकीच्या गोळ्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटातच ठेवा.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर दुबईत बाहेर पडायला व्हिसा लागतो, पण तुमच्या दोघींच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना १४ दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल पैसे भरून मिळू शकतो. पासपोर्ट आणि तो व्हिसा दोन्हीची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असलेली बरी. जे नुसते पुढे जाणारे आहेत त्यांच्यासाठी ४८ आणि ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसाही असतो, तो मात्र तिकडच्या एअरलाइनमार्फत आधीच काढावा लागतो. हे नियम मध्येच बदलतात म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी एअरलाइनच्या साइटवर एकदा तपासा, आणि एवढ्या लांब थांब्यासाठी ते हॉटेल देतात का तेही विचारा, आईंना दुपारी दोन तास आडवं होता आलं तर संध्याकाळ खूप सोपी जाईल.

मुलीची यादी मी सरळ अर्ध्याहून जास्त खोडतेय. सफारी नाही, पाम नाही, बुर्जच्या वर चढणंही नाही. मे अखेरीला दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि हे मी सोसून सांगतेय, कारण एकदा जूनमध्ये सासूबाईंना घेऊन मी भर दुपारी दोन वाजता मेट्रोतून उतरून जुन्या वस्तीकडे चालत निघाले, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे म्हणून, आणि अर्ध्यावर त्यांना चक्कर आली. एका मल्याळी दुकानदाराने त्यांना आत घेतलं, पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्धा तास आम्ही तिथंच होतो, तो माणूस एक शब्द जास्त बोलला नाही. त्या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्यानेच मनाई आहे, ती का आहे हे मला त्या दिवशी समजलं. म्हणून चारच्या आत बाहेर पडूच नका. उतरल्यावर इमिग्रेशन, मग हातातल्या बॅगा एअरपोर्टच्या लेफ्ट लगेजमध्ये पैसे देऊन ठेवा, जेवा, आईंचे पाय वर करून बसवा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे करायला विसरू नका, त्या दीड तासानेच लोकांचा घोटाळा होतो.

चार वाजता मेट्रो. टर्मिनल १ आणि ३ दोन्हीकडे रेड लाइनचं स्टेशन आहे, टर्मिनल २ ला नाही, तुमचं तिकीट बघून घ्या. ही मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, ड्रायव्हर नसतो, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं राहिलं तर रूळ दिसतात. मेट्रोच्या तिकिटासाठी नोल कार्ड घ्या, सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला, त्यात १९ दिरहम प्रवासाला शिल्लक असतात आणि एका फेरीला अंतराप्रमाणे ३ ते ७.५० दिरहम कापले जातात, तेवढ्यात तुमचं भागेल. बायका-मुलांचा वेगळा भाग असतो, खाली गुलाबी खूण असते, तिथं आईंना जागा पटकन मिळते. डब्यात खाणंपिणं, च्युइंगम काही नाही, १०० दिरहम दंड आहे, लोकलमध्ये आपण घोटभर पाणी पितो तेवढंसुद्धा नाही.

युनियन स्टेशनला उतरून ग्रीन लाइन पकडा आणि अल रासला उतरा. बाहेर आलात की मसाल्यांचा बाजार, केशर, सुकी लिंबं, दालचिनीच्या मोठमोठ्या काड्या, धुपाचा वास, आणि दुकानदार हिंदीतच हाक मारतात. पलीकडेच सोन्याचा बाजार आहे. तिथं नुसतं बघा, सोनं घेऊन अमेरिकेला कशाला जायचं, घ्यायचंच तर परतीच्या वेळी कस्टमचे नियम वाचून. पण बघताना एक गोष्ट आईंना सांगा, त्यांच्या लहानपणी या गावात आपला रुपया चालायचा. इथून सोनं चोरून मुंबईच्या किनाऱ्याला यायचं आणि रुपये इकडे यायचे, त्यात आपलं परकीय चलन संपायला लागलं म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि त्या इथं १९६६ पर्यंत चालल्या. दिरहम १९७३ चा, म्हणजे तुमच्यापेक्षाही लहान.

मग अब्रा. माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ती लाकडी होडी आहे, वर छप्पर, मधोमध पाठीला पाठ लावून बसायचा बाक, कडेला कठडा नाही, नावाडी मध्ये खाचेत उभा राहतो आणि माणसं भरली की सुटते. तिकीट १ दिरहम, सुटं नाणं हातात ठेवा. चढताना धक्का आणि होडी यांच्यामध्ये वीतभर फट असते, होडी हलते, तेव्हा आधी तुम्ही चढा, मग आईंचा हात धरा, नावाडी मदत करतात. पाच-सात मिनिटांत पलीकडचा बर दुबईचा धक्का येतो. साडेपाच-सहाच्या सुमारास ऊन तिरपं झालेलं असतं, पाण्यावरून वारा येतो, शेजारी कामावरून सुटलेली माणसं डबा मांडीवर घेऊन बसलेली असतात, आणि किनाऱ्याला माल भरलेली गलबतं एकाला एक चिकटून उभी असतात, कुणाच्या डेकवर फ्रीज, कुणाच्या टायर. तुम्ही ऐरोलीच्या, खाडी तुमच्या घरासमोरची, त्यामुळे तुम्हाला ते पाणी ओळखीचं वाटेल असं मला वाटतं. थंडीत जाणं झालं तर याच खाडीच्या टोकाला रास अल खोरला तुमच्या ऐरोलीच्या खाडीसारखेच फ्लेमिंगो असतात.

पलीकडे कापडबाजारातून हळूहळू अल फहिदीच्या जुन्या वस्तीत जा, इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांची ही घरं, भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वर चौकोनी वाऱ्याचे मनोरे, बरजील म्हणतात त्यांना. चारही बाजूंनी उघडे असतात, ज्या दिशेचा वारा येईल तो पकडून खाली खोलीत सोडतात. एखाद्या मनोऱ्याच्या बरोब्बर खाली आईंना उभं करा, अंगावर वारा येतो की नाही ते त्याच सांगतील. सूर्यास्त सातच्या आसपास असतो, तो खाडीकाठी बसून बघा, चहा घ्या.

सातनंतर अल फहिदी स्टेशनवरून ग्रीन लाइन, बरजुमानला बदलून रेड लाइन आणि बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्टेशन. अल फहिदीच्या पाटीवर आता एका दुकानाचं नाव दिसेल, घाबरू नका. गर्दी असेल, आपल्या ठाणे स्टेशनइतकी नाही. स्टेशनपासून मॉलपर्यंत जवळजवळ पाऊण किलोमीटरचा एसी पूल आहे, सरकते पट्टे आहेत पण मध्ये मध्ये चालावंही लागतं, आईंना तिथं दोनदा बसवा. बुर्ज ८२८ मीटर आहे, वर जाण्याच्या रांगेत तास-दीड तास उभं राहण्यापेक्षा खालून मान वर करून बघितला की जास्त उंच वाटतो. तिथंच तळ्यातली कारंजी संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाने गाण्यावर चालतात, फुकट आहे, एक खेळ बघा आणि निघा. पावणेदहाला परत मेट्रोत, गाडी न बदलता थेट टर्मिनल ३. आई दमल्या असतील तर टॅक्सी करा, मीटरने चालतात, आणि चेक-इनलाच पुढच्या विमानासाठी व्हीलचेअर मागून ठेवा.

एक राहिलं. मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि फोटो जातील पण कॉल लागणार नाही, यूएईत ते बंद आहे. तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नवव्या महिन्यात ती तिकडे काळजी करत बसेल.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, ऑफिसच्या कामाला युरोपात जाताना दोहामध्ये सकाळी ९ तास मिळतायत, एकटाच आहे. दुबई नाही म्हणून वाईट वाटतंय. बाहेर पडण्यासारखं काही आहे का?

उत्तर : वाईट कशाला वाटून घेता, एकट्या माणसाला कमी वेळात दोहा जास्त सोपं आहे. भारतीयांना कतारमध्ये आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण हॉटेल बुकिंगसारख्या अटी असतात, त्या आधी वाचा. एअरपोर्टवरूनच मेट्रो आहे, एका फेरीला २ रियाल, दिवसभराचा पास ६ रियाल. मुशैरिबला गाडी बदला, पुढचंच स्टेशन सूक वाकिफ. वाकिफ म्हणजे उभा, पूर्वी भरतीचं पाणी इथपर्यंत यायचं आणि व्यापारी उभ्यानेच माल विकायचे असं सांगतात. तिथं ससाण्यांची दुकानं आहेत, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेले पक्षी ओळीने बसलेले असतात, ते बघाच.

मग दोन म्युझियमपैकी एकच घ्या. इस्लामिक आर्टचं म्युझियम आय. एम. पेई यांनी बांधलेलं, २००८ चं, समुद्रात बेट करून त्यावर. दुसरं नॅशनल म्युझियम, २०१९ चं, जाँ नूवेल यांचं, वाळवंटात जिप्सम नावाचं खनिज आणि वाळू मिळून तयार होणाऱ्या दगडी फुलासारख्या तबकड्या एकमेकींत घुसलेल्या. माझं मत दुसऱ्याला, कारण त्यात मोत्यांचा इतिहास आहे. इथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी जायचे आणि ते मोती मुंबईच्या बाजारात यायचे, १९३० च्या आसपास जपानी कल्चर्ड मोती आले आणि हा सगळा धंदा बसला. आपल्याकडच्या जुन्या नथीतले मोती बसऱ्याचे म्हणून आपण सांगतो ना, ते याच आखाताचे. घरी आजीची नथ असेल तर निघायच्या आधी एकदा काढून नीट बघून घ्या.