तो खाली खेळायला का जात नाही?

"मॅडम, याला मोबाईलचं व्यसनच लागलंय. खाली खेळायला जा म्हटलं की रडारड. याच्यात काही कमी आहे का हो?"

पुण्याच्या उपनगरातली आई, नोकरी करणारी, सोबत सात वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला इतके पालक विचारतात की आईच्या आवाजातला अपराधीपणासुद्धा आता ओळखीचा झालाय.

मुलाशी बोलले. शाळेत मित्र होते, झोप-भूक ठीक होती, आजीशी अखंड बडबड चालायची. हे नसतं तर मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. मग त्याला कागद दिला आणि म्हटलं, "तू कुठे कुठे जातोस ते काढ." त्याने घर काढलं, लिफ्ट काढली, स्कूलबस आणि शाळा काढली. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. "आणि खाली?" तो म्हणाला, "खाली गाड्या आहेत. वॉचमनकाका ओरडतात."

पुढचं सत्र मी त्यांच्या सोसायटीत घेतलं. प्रत्येक वेळी हे जमत नाही, पण जमेल तेव्हा जरूर करते. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. शहरं लहान मुलांसाठी सोयीची व्हावीत म्हणून चालणाऱ्या 'अर्बन९५' या उपक्रमाचं नावच त्यावरून पडलं, आणि पुणे महापालिकेनेही त्यात भाग घेतला आहे. ९५ सेंटिमीटरवरून शहर कसं दिसतं, एवढाच त्यांचा प्रश्न. आमचा गडी थोडा उंच, तरी मी वाकून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आले तेव्हा उभ्या गाड्यांपलीकडचं काही दिसेना. पार्किंगच्या खांबावर पाटी होती, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे'. बाग रस्त्यापलीकडे, पण रस्ता ओलांडायला ना झेब्रा पट्टे, ना गतिरोधक. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या. मी आईला विचारलं, "तुम्ही त्याला 'खाली जा' म्हणता, म्हणजे नक्की कुठे जा?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही लहान असताना वाड्याच्या चौकात डबा ऐसपैस खेळायचो. ते डोक्यात धरून बोलत होते मी."

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं ३१वं कलम खेळाला मुलाचा हक्क मानतं, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. तो हक्क बजावायला जागा लागते. मोठं मैदानच लागतं असं मात्र नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९४७पासून आल्दो व्हान आयक या वास्तुविशारदाने रिकाम्या, पडीक तुकड्यांवर शेकडो खेळजागा केल्या. वाळूचा हौद, उड्या मारायला काही ठोकळे, लोंबकळायला लोखंडी कमानी, बस. हे मी त्या आईला सांगितलं, कारण सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत असाच एक कोपरा होता. तिथे दोन भंगार स्कूटर आणि जुने दरवाजे पडले होते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडताना त्या घाबरल्या होत्या. "काचा फुटल्या तर? कोणाला लागलं तर जबाबदार कोण?" हे सगळं निघालं, आणि काळजी खोटी नव्हती. ठरलं ते असं: भंगार हलवायचं, एक ट्रॉली वाळू टाकायची, संध्याकाळी पाच ते सात मागच्या बाजूला गाड्या आणायच्या नाहीत, जड चेंडू नको. दोन आजोबा स्वतःहून म्हणाले, आम्ही तिथेच खुर्च्या टाकून बसतो. मला विचाराल तर हे सर्वांत मोलाचं होतं. मोठ्यांची सहज नजर असली की मूल धीराने लांब जातं.

मोबाईलची वेळही आम्ही ठरवली, पण जागा झाल्यानंतर. आधी हिसकावून घेतला असता, तर त्याच्या हातात काय उरलं असतं?

पहिले चार दिवस तो आजोबांच्या खुर्चीला चिकटून उभा होता. पाचव्या दिवशी लगोरीत घेतलं त्याला. आता आईची तक्रार वेगळी आहे, बुटांतून रोज वाळू घरात येते.

रस्त्यापलीकडची बाग मात्र अजून लांबच आहे. गतिरोधक आणि झेब्रा पट्ट्यांसाठी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिलाय, त्यावर सोसायटीतल्या तेवीस घरांच्या सह्या आहेत. तोवर रविवारी आजी त्याचा हात धरून रस्ता ओलांडते.