टॅम्प्लीज म्हणायचं राहून गेलं

प्रश्न : ताई नमस्कार. मी बँकेत आहे, वय ४६. मुलाने लॅपटॉपवर 'पेपर्स, प्लीज' नावाचा गेम लावून दिला. आपण बॉर्डरवरचे तपासनीस, लोकांचे कागद बघायचे आणि शिक्का मारायचा, बस. एक नवरा आला, कागद ओके होते, जाताना म्हणाला मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. तिच्याकडे परमिटच नव्हतं. मी लाल शिक्का मारला. रात्री झोप नाही लागली हो. मुलगा हसतो, म्हणतो बाबा गेम आहे तो. यात विचार करण्यासारखं खरंच काही आहे का माझंच डोकं फिरलंय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : डोकं ठीक आहे तुमचं. आणि दिवसभर लोकांचे केवायसीचे कागद बघणाऱ्याला हा गेम इतरांपेक्षा जास्त लागला तर त्यात नवल काय!

तुमचा मुलगा जे म्हणतो ते अगदीच बिनबुडाचं नाहीये. हुइझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ मध्येच लिहून ठेवलंय की खेळ म्हणजे रोजच्या जगण्यातून वेगळी आखून घेतलेली जागा, आतले नियम वेगळे आणि बाहेरचे वेगळे. हे आपल्याला पुस्तक न वाचताही माहितीये, लहानपणी पकडापकडीत धाप लागली की मूठ ओठाला लावून टॅम्प्लीज म्हणायचो आणि राज्य असलेला भिडू एक इंचावर येऊन थांबायचा, कारण तुम्ही त्या जागेच्या बाहेर गेलात. मुलाचं म्हणणं एवढंच की बाबा, लॅपटॉप मिटला की टॅम्प्लीज.

पण मग झोप का गेली? इथे मला बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाची १९७८ सालची व्याख्या फार कामाची वाटते. तो म्हणतो खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून अंगावर घेणं. कॅरमचंच बघा ना, नऊ सोंगट्या भोकात घालायच्यात तर हाताने उचलून टाका की, दहा सेकंदांचं काम, पण नाही, आपण स्ट्रायकरनेच मारणार, राणी घेतली तर कव्हर देणार, कव्हर नाही गेलं तर राणी गुपचूप परत मध्यभागी ठेवणार, आणि हे सगळं कुणी सांगितलं म्हणून नाही तर खेळायचंय म्हणून. अलीकडे, २०२० मध्ये, सी. थी न्यूयेन या तत्त्वज्ञाने हाच धागा पुढे नेला. चित्रकाराकडे रंग असतात तसं गेम बनवणाऱ्याच्या हातात काय असतं, तर तुम्हाला काय हवंसं वाटेल आणि ते मिळवायला तुम्ही काय काय करू शकाल, हे. म्हंजे तासभर तो तुम्हाला वेगळ्याच गरजा उसन्या देतो.

आता हे घेऊन तुमच्या टेबलाकडे या. लुकास पोपने हा गेम २०१३ मध्ये काढला, काळ १९८२ चा, देश काल्पनिक, आर्स्टोत्झ्का. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात आणि संध्याकाळी त्यातूनच भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, कुणी आजारी असेल तर औषध. चुकीच्या माणसाला सोडलं की लगेच चिठ्ठी येते. पण दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, पैसे त्यानंतर कापतात.

मला तुम्हाला विचारायचंय ते इथेच. ती बाई समोर आली तेव्हा तुमच्या दोन ताकिदी शिल्लक होत्या का? असतील तर तिला सोडणं फुकट होतं, आणि नसतील तर त्या बहुतेक घाईत एखादी तारीख नीट न बघितल्याने आधीच उडाल्या होत्या. म्हणजे दया करायला किती पडणार हे सकाळच्या हलगर्जीपणावर ठरलं! सिनेमात असा कारकून बघितला असता तर आपण त्याला निर्दयी म्हणून मोकळे झालो असतो, इथे शिक्का आपल्याच हातात आणि बाहेर रांग वाढतेय, त्यामुळे निर्दयी व्हायला किती कमी पुरतं हे हाताला कळतं. कुणाचं खरं नुकसान तुम्ही केलेलं नाही, त्यामुळे अपराधी वगैरे वाटून घेऊ नका. पण उसनी गरज आपल्या अंगात किती पटकन मुरली याचा धक्का बसला असेल तर तो खरा आहे, त्याला टॅम्प्लीज चालत नाही.

माझी एक तक्रारही आहे. नवरा-बायकोचा प्रसंग जरा रडवायलाच लिहिलाय असं मला वाटतं. मला जास्त टोचले ते मधले दहा-बारा जण, ज्यांचा चेहरा मी फक्त फोटोशी जुळवण्यापुरता बघितला आणि आता एकही आठवत नाही.

प्रश्न : खेळाचं असं पोस्टमॉर्टेम केलं की मजा जाते. उद्या सापशिडीतही तत्त्वज्ञान काढाल! — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काढायचं कशाला, ते आधीपासूनच आहे तिथे! जुना मोक्षपट बघा, आपल्याकडे परंपरेने त्याला ज्ञानेश्वरांचं नाव जोडतात, त्यात सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप आणि सगळ्यात वर मोक्ष. पण गंमत अशी की चित्र सांगतंय नीट वागा आणि नियम सांगतोय कवड्या टाका. लोभाच्या घरात तुम्ही लोभ केला म्हणून जात नाही, दान पडलं म्हणून जाता, वागायची संधी पटावर कुठेच नाही. आता याला प्रारब्ध म्हणा नाहीतर बनवणाऱ्याची चूक, मी प्रारब्धाच्या बाजूने आहे. आणि मजेचं म्हणाल तर हे सगळं डोक्यात असताना परवा ९८ वरनं सरळ खाली आले, भाचीने उड्या मारत टाळ्या पिटल्या आणि मी चिडून दुसरा डाव मांडायला लावला.