जँगो: लॅपटॉपवर दिसणारे फोटो सर्व्हरवर का दिसत नाहीत

चप्पल लाईनमधल्या दुकानाची जँगोत (पायथनमध्ये साइट बनवायच्या चौकटीत) केलेली साइट लॅपटॉपवर नीट चालते, पण सर्व्हरवर अ‍ॅडमिनमधून चढवलेले फोटो ४०४ (‘सापडलं नाही’) देतात आणि मोबाइलवरचे मोठे फोटो ४१३ (‘फाइल फार मोठी’) देऊन अडतात, असा तुमचा प्रश्न आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

यूआरएलच्या फाइलमध्ये मीडियासाठी (चढवलेल्या फोटोंसाठी) टाकलेली ‘स्टॅटिक’ची ओळ सेटिंग्जमधलं ‘डीबग’ (चुका सविस्तर दाखवायची सोय) ट्रू असेपर्यंतच चालते. फॉल्स केलं की ती रिकामी यादी देते, तीही गुपचूप. फोटो दिसावेत म्हणून सर्व्हरवर डीबग परत चालू करू नका, एरर आली की आतल्या कोडचे तुकडे आणि सेटिंग्ज बाहेरच्यांना दिसतात. फोटो डिस्कवर लिहायचं काम जँगोचं, ब्राउझरला द्यायचं त्याच्यापुढे बसलेल्या एंजिनएक्स या वेब सर्व्हरचं. तिथे ‘/मीडिया/’चा लोकेशन ब्लॉक करून ‘अलायस’मध्ये ‘मीडिया_रूट’चा (फोटो साठतात त्या फोल्डरचा) पूर्ण पाथ द्या. दोन्हींच्या शेवटी स्लॅश हवाच. अलायसचा राहिला तर फोल्डरचं आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटतं आणि पुन्हा ४०४.

आता ४०३ (‘मनाई’) आला तर परवानगी बघा. उबंटू २१.०४ पासून नव्या यूजरचं होम फोल्डर ७५० (मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना बंद) असतं, एंजिनएक्सला आत शिरताच येत नाही. ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करण्यापेक्षा मीडिया होमच्या बाहेर हलवा.

४१३ म्हणजे एंजिनएक्सची १ एमबीची मूळ मर्यादा. विनंती जँगोपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे जँगोच्या लॉगमध्ये काही सापडणार नाही. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ १० एमबी करा, कॉन्फिग तपासून रीलोड करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठीत साइट करणाऱ्या प्रत्येकाने हे बघावंच: फाइलचं नाव. नाव साफ करताना जँगो अक्षरं आणि आकडे ठेवतो, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर धरत नाही. ‘कापशी चप्पल’ डिस्कवर ‘कपश_चपपल’ होते. ‘पाटील’ आणि ‘पटेल’ दोन्ही ‘पटल’. मग दुसऱ्यापुढे सात अक्षरांचं रँडम शेपूट लागतं. फोटो हरवत नाही, पण फोल्डरमध्ये शोधायला गेलात तर ओळखू येत नाही. मॉडेलमधल्या फोटोच्या फील्डच्या ‘अपलोड_टू’ला एक फंक्शन द्या, जे यूयूआयडी (आपोआप बनणारा, पुन्हा न येणारा क्रमांक) आणि मूळ एक्स्टेन्शन जोडून नाव परत देईल. लॅम्बडा (बिननावाचं फंक्शन) नको, मायग्रेशनला (डेटाबेसचे बदल नोंदणाऱ्या फाइलला) तो लिहिता येत नाही. जुने फोटो सुरक्षित राहतात, कारण डेटाबेसमध्ये त्यांचा पाथ आहे तसाच असतो.

अ‍ॅडमिनमधून उत्पादन काढलं किंवा फोटो बदलला, तरी जुनी फाइल डिस्कवर राहते. ती काढायला ‘जँगो-क्लीनअप’ हे पॅकेज बसवा.

आणि डेटाबेसच्या बॅकअपमध्ये फक्त पाथ येतात, फोटो नाहीत. मीडिया फोल्डर रोज रात्री आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने) दुसऱ्या मशीनवर न्या, डेटाबेसचा डंप (बॅकअपची फाइल) झाल्यानंतर. उलट क्रम ठेवलात तर मधल्या वेळात चढलेल्या फोटोची नोंद डंपमध्ये येते आणि फाइल मात्र बॅकअपमध्ये नसते.